पितळेचं बोट

टबातलं पाणी संपत आलं की शेवटचे दोन पेले स्वतःभोवती गिरकी घेतात आणि मग एक आवाज होतो. त्या आवाजाला कुठल्याही नकाशात नाव नाही.

लांब केस आखूड केसांपेक्षा कमी त्रास देतात. लांब केस एकटे जातात. आखूड केस साबणाचा हात धरून बसतात.

"तुझं एक बोट आमच्या कारखान्यात आहे बरं का," असं म्हटलं की चार वर्षांची मुलगी आपली बोटं मोजायची. दहाच्या दहा भरायची. मग पुन्हा मोजायची.

सात भोकं.

फडकं थंड पाण्यात भिजवायचं. पिळायचं नाही.

दार कुठलंही असो, तो ते दोन्ही हातांनी धरून लावतो. बायको म्हणते, "चोर परवडले. त्यांच्या हातून निदान कडी तरी वाजते."

अकराला दहा कमी असताना पॅकिंगमधल्या काकू म्हणाल्या, "अहो मास्तर, ही बघा गंमत."

गंमत अशी होती की नव्या जाळीच्या पहिल्या वीस नगांपैकी एक नग पुसता पुसता काकूंची डाव्या हाताची करंगळी जाळीच्या भोकात गेली होती, आणि नुसती टोकाशी नव्हे, चांगली दुसऱ्या पेरापर्यंत. जाळी हातात उलटी धरून त्या खालून करंगळी हलवत होत्या. शेजारच्या दोघीजणी हसत होत्या. "अंगठी दिसते की नाही? एवढी जाड अंगठी आमच्या ह्यांच्याच्याने सात जन्मांत झाली नसती." तोही हसला. हसू त्याला न विचारताच तोंडातून बाहेर पडलं. मग काकूंनी बोट ओढलं, ते पेराशी जरासं अडलं, त्यांनी थुंकी लावून पिरगाळलं आणि ते सुटलं. करंगळीभोवती लाल वळ उमटला होता. काकूंनी तो चोळला आणि पुढचा नग उचलला. तो मात्र त्या वळाकडे बघत उभा राहिला.

बूच हा त्याच्या आयुष्याचा विषय होता. कारखान्यात त्याला बूचमास्तर म्हणत, तोंडावर नुसतं मास्तर. अठ्ठावीस वर्षं तो बेसिनच्या आणि टबाच्या तळाशी असलेल्या त्या वीतभर जागेत राहत आला होता: जाळी, झडप, वॉशर, स्प्रिंग, वाकडी नळी. लोकांना वाटतं पाणी आपलं आपण जातं. पाणी आपलं आपण फक्त येतं, तो नव्या माणसांना सांगायचा, जायला त्याला लावून द्यावं लागतं, पाहुण्यासारखं. त्याचा हा विनोद जुना होता आणि नवी माणसं त्यावर हसायची ती मास्तर म्हणून. घरी आरशासमोर दाढी करताना त्याची नजर आरशात कमी आणि बेसिनच्या भोकात जास्त असायची. कुणाच्या घरी गेला तर हात धुवायला म्हणून जाऊन बराच वेळ बाहेर यायचा नाही. बायकोने एकदा पाहुण्यांना सांगितलं होतं, "त्यांची काळजी करू नका, ते पाणी सोडून बघतायत." आणि या अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातून असं काही झालं होतं की मोठ्या साहेबांनी खुर्चीवरून उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. जुन्या जाळीला बावन्न बारीक भोकं होती. त्यात केस अडायचे, केसांत साबण अडायचा, आणि टब रिकामा व्हायला साडेआठ मिनिटं लागायची. त्याने बावन्नाची सात केली. सात मोठी गोल भोकं, आणि त्यांच्या खालून स्प्रिंगवर वर येणारी चकती. मधलं बटण पायाच्या अंगठ्याने दाबलं की चकती वर येऊन सातही भोकं खालून बंद करते, पुन्हा दाबलं की खाली पडते. साखळी नाही, रबरी बूच नाही, वाकणं नाही. टब सव्वापाच मिनिटांत रिकामा. स्प्रिंग त्याने मुद्दाम कडक निवडली होती, दहा वर्षं सैल पडू नये म्हणून.

टीप चार, जाळीच्या नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, त्याच्याच अक्षरात: भोक जास्तीत जास्त मोठे ठेवावे, मात्र छोटी आत जाऊ नये.

छोटी म्हणजे पितळेचं बोट. चाचणीच्या खोलीत खिळ्याला दोरीने टांगलेलं, पुढे गोलसर, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. कुठलीही जाळी, कुठलंही भोक तयार झालं की छोटीला विचारायचं, ही तिथली रीत होती. "छोटी काय म्हणते?" "छोटी नाही म्हणाली." नाही म्हणाली म्हणजे आत गेली नाही, म्हणजे जाळी पास. आत गेली तर जाळी बाद, मग ती कितीही देखणी असो. तिला आकडा नव्हता. कुणी तिचं माप कागदावर लिहिलं नव्हतं, कारण बोटाला आकडा कशाला हवा, बोट बोट असतं. ते चार वर्षांच्या मुलाच्या बोटाएवढं आहे, हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचं, आणि त्याने मान डोलवायची. जरा जुनी माणसं हेही सांगायची की ते मास्तरांच्या मुलीचं बोट आहे. मग तो नवा माणूस मास्तरांकडे वेगळ्याच नजरेने बघायचा.

त्याने छोटीला खिळ्यावरून काढलं. पितळ गार होतं. काकूंच्या हातातली तीच जाळी घेतली आणि एकेका भोकावर छोटीला टेकवलं. नाही. नाही. सातही वेळा नाही. टोक जरासं आत जायचं आणि बाकीचं बोट उंबऱ्यावर थांबल्यासारखं थांबायचं. क्षणभर त्याला बरं वाटलं. मग ते बरं वाटणं आपोआप ओसरलं आणि खाली जे उघडं पडलं ते असं होतं: पन्नाशीच्या बाईची करंगळी जिथे जाते तिथे चार वर्षांच्या मुलीचं बोट जात नाही. त्याने बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर आणला. छोटी चौदा मिलिमीटर आणि वर एक केस. भोक साडेतेरा. "काकू, जरा हात देता?" काकूंनी पदराला हात पुसला आणि पुढे केला. "मापं कसली घेताय मास्तर, लग्नाला उभी करताय का मला या वयात?" पेराशी तेरा. त्याने दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला लागला तेव्हा काकू म्हणाल्या, "तेच बोट किती वेळा मोजताय हो?" आणि त्यांचा आवाज बदलला. तो म्हणाला, "काही नाही, खात्री करतोय." मग त्याने तेवढ्याच धांदलीत तीन मोठ्या माणसांच्या करंगळ्या मोजल्या आणि शेवटी स्वतःची. कुणाची पंधरा, कुणाची साडेचौदा. गिऱ्हाइकांना कारंजी दाखवायच्या खोलीत चारेक वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती, तिचा हात मागायला तो दोन पावलं पुढे गेला आणि परत फिरला. लांबूनच बघितलं. ती कारंज्याच्या कडेवर बोटं पसरून उभी होती. बोटं कसली, पेन्सिली.

बावन्न भोकांच्या जाळीत छोटीला विचारायची कधी वेळच आली नव्हती. तिथे मुंगीने दबकून जावं एवढी भोकं. लोक विचारायचे ते रीत म्हणून. छोटीच्या अगदी अंगाला लागेल एवढं भोक या कारखान्यात कुणी कधी केलंच नव्हतं, आणि पहिल्यांदा केलं ते त्यानेच, अर्धा मिलिमीटर राखून, छोटीवर विसंबून. त्या विसंबण्याचा एक नमुना दोन आठवड्यांपूर्वी त्याने स्वतःच्या हाताने बसवला होता मुलीच्या घरी. टबात. जिथे त्याची साडेतीन वर्षांची नात, जिला सगळे भिंगरी म्हणतात, रोज पाळणाघरातून आल्यावर चार वाजता बसते, पायांची वाळू धुवायला, आणि बसली की उठत नाही. भिंगरीला भोकं आवडतात. कुलपाचं भोक, बटणाचं काज, भिंतीत खिळा होता तिथलं भोक. प्रत्येक भोकात ती बोट घालते आणि थांबते, जणू पलीकडून कुणी ते धरणार आहे.

धरणारच होतं. ते त्यानेच बसवलं होतं. कडक स्प्रिंगचं.

बोट भोकात, आणि ओणवं होताना दुसऱ्या हाताचा तळवा बटणावर. लहान मूल उठताना तळवाच टेकतं. चकती वर. ओरडायला तोंड उघडेपर्यंत पाणी तुंबलेलं, कारण झडप बंद, कारण झडप चांगली, थेंब सोडत नाही. पन्नास हजार वेळा उघडझाप करून त्याने तिची खात्री केली होती. आणि वर नळ चालू. त्याला आपल्याच कामाची ही पारख नको होती. झडप थोडी गळकी असती तर, असं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मनात आलं.

मुलीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मुलगी दुपारपर्यंत शिकवते, शिकवताना फोन पिशवीत ठेवते, हे त्याला माहीत होतं आणि माहीत असून उपयोग नव्हता. जावई परगावी. बायकोला लावला.

"अहो, तुमचा आवाज असा का येतोय?"

"भिंगरीची आंघोळ कितीला असते?"

"हे काय भलतंच? चारला. का?"

"नक्की चारला?"

"रोज चारला. आज काय ती अडीचलाच येणार, पाळणाघर लवकर बंद आहे म्हणत होती. तीनपर्यंत होईल. झालं काय पण?"

"काही नाही. माप बघत होतो."

"तुमची मापं संपायची नाहीत," बायको म्हणाली. "तुमच्याच जाळीतून सोडून द्या ती एकदा." आणि फोन ठेवला. ठेवताना ती हसली. तिला ठाऊक नव्हतं. काय ठाऊक नव्हतं, हे त्याच्याही मनात नीट आलं नाही. मनाच्या त्या जागेशी आल्यावर तो नेहमीसारखा हलक्या पावलांनी मागे फिरला.

मोठे साहेब जेवणाच्या डब्यावरून मान वर न करता म्हणाले, "छोटी खोटी? मास्तर, उन्हातून आलात का? जाळी पाडायचा डाय उद्या सकाळी भट्टीत जातोय. एकदा कडक झाला की मग भोक काय, ओरखडासुद्धा काढता येणार नाही."

"म्हणूनच आलो."

"माप कुणी घेतलं होतं?"

"मीच."

"कशाने?"

"दोऱ्याने."

साहेबांनी डबा बंद केला. त्यांना त्याची दया आली असावी. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला कधी घामेजलेला बघितला नव्हता. "मग दोरा सैल राहिला असेल. मुलं हलतात. त्यात काय एवढं?" त्यांनी ते त्याच्यापुढे असं ठेवलं की फक्त उचलून खिशात घालायचं. तो म्हणाला, "असेल." म्हणताना त्याला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच त्याला भीती वाटली. दोरा सैल राहत नाही. त्याच्या हातून नाही. "संध्याकाळी नक्की सांगा," साहेब म्हणाले, "पाचपर्यंत. आणि काय चुकलं तेही सांगावं लागेल. मला वर लिहून द्यायचंय. नुसतं वाटतं म्हणून डाय थांबत नाही."

बसमध्ये उभं राहायलाच जागा होती, आणि मुलीचा फोन अजूनही नुसताच वाजत होता. त्याने वरची कडी धरली आणि डोळे मिटले, मग उघडले, कारण मिटल्यावर सात भोकं दिसत होती. पुढच्या आसनावर एका बाळाने दोन फळ्यांच्या फटीत बोट घातलं होतं आणि आई खिडकीतून बाहेर बघत होती. तो म्हणाला, "अहो, बोट." बाईने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने कडीवरचा हात बदलला. बोट निघालं. पुन्हा गेलं. बस थांब्याथांब्याला रेंगाळत होती, आणि प्रत्येक थांब्यावर दार धाडकन उघडत होतं, धाडकन लागत होतं, आणि प्रत्येक धाडकनला त्याची मान खांद्यांत जात होती. तो दोऱ्याचा विचार करू लागला. दोरा पांढरा होता, शिवणाच्या डब्यातला. बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती, आठ दिवस, आणि तो मुलीबरोबर एकटा होता, रजा काढून. कारखान्यात त्या वेळच्या साहेबांनी सांगितलं होतं, लहान मुलाचं बोट जाणार नाही असं काहीतरी ठरवा, कुठेतरी कुणाचं तरी अडकलंय म्हणतात. त्याच्या घरात लहान मूल होतं. तो खुश झाला होता. दुपारी मुलगी झोपली होती, रडून दमल्यासारखी, गालांवर मीठ वाळलेलं. (का रडली होती? मुलं रडतात.) मूठ घट्ट. बाकीची सगळी बोटं मुठीत आणि तेवढं एकच, उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं, सरळ बाहेर, जणू काही दाखवत होती. त्याने म्हटलं, नशीब. मूठ उघडावी लागली नाही, झोप मोडली नाही. सर्वांत जाड पेरावर दोरा गुंडाळला, नखाने दाबला, खूण केली. ती झोपेत कण्हली. काडेपेटीत दोरा ठेवून दुसऱ्या दिवशी पितळ कातणाऱ्या लेथवाल्याला दिला, आणि लेथवाला म्हणाला होता, "खाऊनपिऊन सुखी दिसते लेक तुमची." दोघे हसले होते. हे सगळं त्याला दिसत होतं, अगदी काडेपेटीवरचं चित्रसुद्धा. त्याच्या आदल्या संध्याकाळपाशी मात्र ते थांबत होतं. तिथे फक्त ओलं फडकं होतं. गार, न पिळलेलं, गुडघ्यावर ठिबकणारं. आणि मग काही नाही. मग बस पुढे निघायची.

तीनला पाच कमी. तो शेवटचा थांबा येण्याआधीच उतरला आणि धावू लागला. सत्तावन्न वर्षांचा माणूस पिशवी छातीशी धरून धावतो तेव्हा लोक वाट देतात, त्यांना वाटतं पिशवीत काहीतरी आहे. पिशवीत छोटी होती. कधी घेतली ते त्याला आठवत नव्हतं.

जिना. दुसरा मजला. मुलीच्या घराची किल्ली त्याच्याकडे असते. किल्ली भोकात जाईना. मग गेली. आत पाऊल टाकताच पाण्याचा आवाज आला, नळाचा, भरून वाहणारा नव्हे, पडणारा. पाणी पाण्यात पडत होतं. म्हणजे टबात पाणी साठलंय. म्हणजे झडप बंद आहे. आणि भिंगरीचा आवाज नाही. जी पोर झोपेतसुद्धा बडबडते ती न्हाणीघरात गप्प आहे. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं, दोन बोटं फट. नुसता हात लावला की उघडलं असतं. त्याने हात पुढे केला आणि तो हात दारापासून वीतभर अंतरावर थांबला. दाराच्या पलीकडे काय असेल ते दिसत नव्हतं. कोण उभं असेल, कुठे धरून उभं असेल. लहान मुलं दार कुठे धरतात? बिजागरीशी. बिजागरीच्या फटीत. नळ पडतच होता आणि त्याला कळत होतं की एकेक क्षण तो स्वतः वाया घालवतोय, आत जे काही चाललंय त्याच्या बाहेर, एका फळीच्या बाहेर, आणि फळी लोटणं त्याच्याच्याने होत नव्हतं.

"आत कोण आहे?" तो म्हणाला.

नळ बंद झाला.

"बाबा?" मुलीचा आवाज. "तुम्ही आत्ता? या ना, दार उघडंच आहे."

"तू उघड."

"माझे हात साबणाचे आहेत. लोटा की."

"ती कुठे आहे? तिची बोटं कुठे आहेत?"

मुलगी म्हणाली, "बोटं? हाताला आहेत, बाबा. कुठे असणार?"

दार आतून उघडलं. भिंगरी टबात गुडघाभर पाण्यात बसली होती आणि तोंड बंद होतं कारण गालात पाणी भरलं होतं. आजोबांना बघून तिने ते सगळं त्यांच्या पँटवर सोडलं. दोन्ही हात पाण्यावर. दहा. त्याने बोटं मोजली. पुन्हा मोजली. मग तो टबाच्या कडेवर बसला आणि त्याने खाली बघितलं. त्याची जाळी दिसत नव्हती. तिच्यावर जुनी, बावन्न भोकांची जाळी दोन स्क्रूंनी आवळून बसवलेली होती, आणि तिच्यावर रबरी बूच, साखळीचं. साखळीचं दुसरं टोक भिंगरीच्या पायाच्या बोटाला गुंडाळलेलं होतं.

"हे कधी केलंस?"

मुलगी टॉवेलला हात पुसत होती. "तुम्ही बसवून गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी." ती थांबली. "त्याच दिवशी तिने बोट घातलं होतं, आत वाकवून अडकवलं होतं. मी इथेच होते म्हणून बरं. पाणी नव्हतं भरलेलं. तेल लावलं, निघालं."

"किती वेळ अडकलं होतं?"

"घड्याळ नाही बघितलं बाबा. तुमच्यासारखी नाही मी."

"बटण दाबलं होतं तिने?"

"नाही." मग, हळू: "दाबायला हात नेला होता."

दोन आठवडे. दोन आठवडे ही गोष्ट या घरात होऊन गेलेली होती आणि तो कारखान्यात पाठीवर थापा घेत होता. "मला सांगितलं का नाहीस?"

"तीनदा फोन हातात घेतला. आई म्हणाली तुम्ही किती खुश आहात. आणि..." ती हसली, पण ते हसू तिला पुरतं जमलं नाही. "आणि ते माझं बोट ना, बाबा. सगळ्यांना सांगत आलात तुम्ही. माझ्या शाळेत सांगितलंत, लग्नात सांगितलंत. म्हटलं माझं जात नव्हतं तर हिचं कसं गेलं? मग वाटलं, असेल माझं जाड तेव्हा. मी गुबगुबीत असेन."

"नव्हतीस," तो म्हणाला. "काटकुळी होतीस तू."

भिंगरीने साखळी ओढली. बूच निघालं. बावन्न भोकांतून पाणी संथ जायला लागलं, मिनिटांमागून मिनिटं घेत, आणि तिघेही ते बघत राहिले. त्याने पिशवीतून छोटी काढली. मुलीने ती हातात घेतली. एवढ्या वर्षांत तिने ती कधी हातात धरली नव्हती. आपल्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट तिच्याशेजारी उभं केलं, तीस वर्षांच्या बाईचं बोट, आणि दोन्हींकडे बघितलं. छोटी जवळजवळ तेवढीच होती. बोटावरचं नख मधोमध दुभंगल्यासारखं, एक उभा वरंबा घेऊन वाढलेलं. ते नख त्याने इतक्या वर्षांत किती वेळा बघितलं असेल, दर वेळी नजर पुढच्या बोटावर नेऊन. "हे नख असं का, असं मी आईला विचारलं होतं एकदा," मुलगी म्हणाली. "ती म्हणाली असेल जन्मापासून." तिने वर बघितलं. "जन्मापासूनच ना?"

फोन वाजला. मोठे साहेब. "मास्तर, कुठे गायब झालात? भट्टीवाल्याला काय सांगू?"

"थांबवा," तो म्हणाला. "डाय थांबवा. छोटीला खिळ्यावरून उतरवलंय मी. तिला आता कुणी काही विचारू नका."

"बरं. थांबवला." साहेबांनी सुस्कारा सोडला. "दोरा सैल होता असं लिहू मग?"

मुलगी त्याच्याकडे बघत होती. पाणी संपत आलं होतं. शेवटचे दोन पेले स्वतःभोवती फिरायला लागले होते आणि भिंगरीने त्या आवाजासाठी आधीच कानांवर हात ठेवले होते.

"नाही साहेब," तो म्हणाला. "दोरा सैल नव्हता."

"मग काय होतं?"

माप घेतलं त्याच्या आदल्या संध्याकाळी चुलीवरचं दूध उतू जात होतं, तो आत धावला होता आणि मागे न बघता त्याने दार लोटलं होतं. मुलगी बिजागरीची फट धरून उभी होती, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते बोट मुठीत मिटत नव्हतं इतकं सुजलेलं होतं.